‘रेझिस्टर लावा, पीडब्ल्यूएमने मोटर जळते’ या सल्ल्याची तपासणी

छोट्या डीसी मोटरींबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरत असतो: ‘वेग कमी करायचा तर सिरीजमध्ये रेझिस्टर लावा. पीडब्ल्यूएमने मोटर सारखी चालू-बंद होऊन जळते. हळू चालणारी मोटर करंट कमी खाते, म्हणून गार राहते.’ (पीडब्ल्यूएम म्हणजे पुरवठा झपाट्याने चालू-बंद करून मोटरला मिळणारं सरासरी व्होल्टेज कमी करणं.)

आधी मोटरचं गणित पाहू. फिरती मोटर जनित्रासारखं उलट व्होल्टेज तयार करते, त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. ते वेगाच्या प्रमाणात असतं. पुरवठ्यातून ते वजा करून जे उरतं, तेवढंच रोधावर पडतं. समजा, १२ व्होल्टची कायमचुंबकी मोटर आहे, आर्मेचरचा (फिरणाऱ्या तारेच्या वाइंडिंगचा) रोध १ ओहम. भार असताना ती २ अँपिअर घेते, रिकामी असताना ०.५. भारावर बॅक ईएमएफ १० व्होल्ट.

‘रेझिस्टर लावा.’ ३ ओहमचा लावला. भारावर त्यात ६ आणि आर्मेचरमध्ये २ व्होल्ट गेले, बॅक ईएमएफ ४ उरला. वेग ४० टक्क्यांवर आला, काम झालंसं वाटतं. आता भार काढा: दोन्ही रोधांत मिळून फक्त २ व्होल्ट पडतात, बॅक ईएमएफ १० होतो आणि मोटर अडीचपट वेगाने पळते. उलट भार ३ अँपिअरपर्यंत वाढवला, तर सगळे १२ व्होल्ट रोधांतच संपतात आणि मोटर थांबते. सुरुवातीचा टॉर्कही (फिरवण्याचा जोर, तो करंटच्या प्रमाणात असतो) एक चतुर्थांश, कारण १२ ऐवजी ३ अँपिअरच मिळतात. शिवाय २ अँपिअरला रेझिस्टरमध्ये १२ वॉट उष्णता होते. किटमधला पाव वॉटचा रेझिस्टर तिथे धूरच काढणार. भार अजिबात न बदलणाऱ्या जागी मात्र, २५ वॉटचा वायरवाउंड (तार गुंडाळून केलेला, जास्त उष्णता झेलणारा) रेझिस्टर घेऊन, हा उपाय चालून जातो.

‘पीडब्ल्यूएमने मोटर जळते.’ त्याच मोटरला ५० टक्के ड्यूटी द्या, म्हणजे प्रत्येक चक्रात निम्मा वेळ पुरवठा चालू, सरासरी ६ व्होल्ट. सर्किटमधल्या डायोडची (त्याच्याबद्दल पुढे) घट सोडली तर भारावर बॅक ईएमएफ ४, भार काढल्यावर ५.५, आणि ३ अँपिअरलाही ३ व्होल्ट उरतात, मोटर फिरत राहते. ‘झटक्यां’चं म्हणाल, तर आर्मेचरचं इंडक्टन्स (करंटच्या बदलाला विरोध करण्याचा वाइंडिंगचा गुण) करंटला एकदम बदलू देत नाही. १ मिलिहेन्री धरलं, तर २० किलोहर्ट्झला करंटचा चढ-उतार जेमतेम ०.१५ अँपिअर.

या भीतीत थोडं तथ्य आहे, ते फ्रिक्वेन्सीत, म्हणजे सेकंदाला किती वेळा चालू-बंद होतं त्यात. १०० हर्ट्झला प्रत्येक चक्रात करंट शून्यावर येऊन पुन्हा उसळतो. तेवढ्याच सरासरी टॉर्कसाठी वाइंडिंग जास्त तापतं, मोटर गुरगुरते. २० किलोहर्ट्झला तो आवाज कानाच्या पलीकडे जातो.

जळतो तो बहुतेकदा मॉसफेट (चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर), कारण मोटरला समांतर फ्रीव्हीलिंग डायोड (पुरवठा बंद असताना मोटरच्या करंटला वाट देणारा) लावलेला नसतो. मॉसफेट बंद होताच करंटला वाट हवी. ती नसली की व्होल्टेज उसळून मॉसफेट फुटतो. घरात पडलेला १एन४००७ हा साधा डायोड इथे नको, तो २० किलोहर्ट्झला फार मंद पडतो. शॉट्की हा जलद डायोड घ्या, कॅथोड (पट्टीचं टोक) पॉझिटिव्हकडे.

‘हळू म्हणजे गार.’ पंख्यापुरतं खरं, कारण वेग उतरला की त्याचा भारही झपाट्याने उतरतो. वजन उचलणाऱ्या मोटरला टॉर्क तेवढाच लागतो, म्हणून करंटही तेवढाच, आणि शाफ्टवरचा तिचा स्वतःचा पंखा मात्र मंदावलेला. त्यात ती ५० टक्के ड्यूटीवर अडकली, तर करंट ६ अँपिअर, आर्मेचरमध्ये ४ ऐवजी ३६ वॉट. ड्रायव्हरची (मोटर चालवणाऱ्या सर्किटची) करंट मर्यादा ३ अँपिअरवर ठेवली, तर अडकल्यावर उष्णता ९ वॉटवर थांबते आणि सुरू होताना टॉर्कही भाराच्या दीडपट मिळतो.