साल हलकेच किसून घ्या

नाताळच्या पार्टीत कोण काय आणणार हे ठरत असताना जो पहिल्याच मिनिटाला "मी कागदी प्लेट्स" म्हणतो, तो माणूस आयुष्यात कुठेच अडकत नाही. पाठोपाठ सरबतं गेली, बर्फ गेला, मेणबत्त्या गेल्या. "काय चाललंय?" असं मी विचारेपर्यंत 'गोड' एवढंच उरलं होतं आणि बायकोने परस्पर जाहीरही केलं, "हा संत्र्याचे कपकेक करणार आहे. घरी." आणता येतील ही आशा त्या 'घरी'ने संपवली.

रेसिपीवर 'तयारीचा वेळ : २० मिनिटं' असं लिहिलं होतं. ही २० मिनिटं ज्याने मोजली, त्याच्या घरी बटर आपणहून फ्रीजबाहेर येऊन बसत असावं आणि "किसणी कुठंय?" या प्रश्नाला कोणीतरी उत्तर देत असावं. बटर 'रूम टेम्परेचर'चं हवं, म्हणजे साधारण १८ ते २० अंश. त्याला कारण आहे. साखर घालून फेटताना बटरमध्ये हवेचे बारीक बुडबुडे कोंडले जातात आणि केक पुढे त्यांच्याच जिवावर फुगतो. पातळ बटरमध्ये हवा टिकत नाही, घट्ट बटरमध्ये शिरत नाही. आमच्याकडे बटर फ्रीजमधून काढलं की दगड आणि मायक्रोवेव्हमध्ये क्षणभर जास्त राहिलं की तळं. मधली अवस्था मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, पण असते म्हणतात.

संत्र्याची सगळी हुशारी सालीत असते. रसात गोडी, आंबटपणा आणि बरंचसं पाणी. ज्या वासाने माणूस वेडा होतो तो वरच्या केशरी थरातल्या तेलाच्या इवल्याशा पिशव्यांमध्ये दडलेला. हा थर जेमतेम मिलिमीटरभर आणि त्याच्या लगेच खाली पांढरा, कडू थर. रेसिपी म्हणते, 'साल हलकेच किसून घ्या, पांढरा भाग येऊ देऊ नका.' आमच्या किसणीला हे कोणी सांगितलेलं नाही. केशरी, पांढरं आणि माझं बोट, तिला सगळे सारखेच. शिवाय जो किस निघतो तो खाली पडत नाही, तिच्या दातांत जाऊन बसतो. मग किसणी ताटलीवर आपटायची, ती वाजते, किस हलत नाही. सुरीच्या टोकाने एकेक दात कोरायचा. चमचाभर किस जमेपर्यंत ओट्यावर बोडक्या, टवके उडालेल्या संत्र्यांची रांग लागली.

या छळाला इतिहास आहे. कॅनडातल्या एक बाई १९९४ साली संत्र्याचा केक करत होत्या. किसणीवर वैतागून त्यांनी नवऱ्याच्या सुतारकामातली, लाकूड तासायची कानस उचलली आणि संत्र्यावर फिरवली. साल भुरुभुरु पडली. आज कित्येक स्वयंपाकघरांत जी लांब, अरुंद, धारदार किसणी दिसते, तिचं घराणं हे असं सुताराचं. ही गोष्ट मी बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितली. ती म्हणाली, "आपल्याकडे कानस नाही. आणि असती तरी तुझ्या हातात दिली नसती."

आता तो किस साखरेत घालून बोटांनी चोळायचा. साखरेच्या कणांनी तेल सुटतं, साखर ओलसर, केशरी होते आणि असा वास दरवळतो की आतल्या खोलीतली माणसं न बोलावता येतात. खरं तर कार्यक्रम इथेच संपवायला हवा. यापुढे जे जे करायचं, त्याने तो वास कमीच होत जातो.

पुढे अंडी, दूध, रस. आंबट रस दुधाला भेटल्यावर जे व्हायचं तेच झालं. 'मिश्रण फाटल्यासारखं दिसलं तरी घाबरू नका,' असं कंसात लिहिलेलं होतंच. मग मैदा आणि बेकिंग पावडर. ही पावडर इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टने १८४३ साली तयार केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. बायकोच्या अडचणीपायी इतक्या थराला गेलेला नवरा म्हणून त्याचं नाव आमच्या घरी अधूनमधून निघतं.

मैदा घातल्यावर 'हलक्या हाताने, जेमतेम मिसळेपर्यंतच' ढवळायचं. जास्त ढवळलं की मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि केक चिवट होतो. मी अगदी जेमतेम ढवळलं. तेवढ्यात आई आली. "तळाशी पीठ राहिलंय," म्हणत तिने चमचा फिरवला. मुलीने "मला एकदा, मला एकदा" करत फिरवला. बायकोने काहीच न बोलता फिरवला, तो सर्वांत जोरात. शेवटी शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या आणि गप्पा मारता मारता त्यांचाही हात भांड्यात गेला. हात प्रत्येकाचा हलकाच होता.

ओव्हन १८० अंशांवर. साचे दोन-तृतीयांश भरायचे, दार मध्येच उघडायचं नाही. सिनेमाला बसावं तसे आम्ही सगळे ओव्हनच्या काचेसमोर जमिनीवर बसलो. मागच्या रांगेतले कपकेक तापट निघाले, पुढचे विचारात पडले होते. नंतर टूथपिक खुपसून बघायची. ती कोरडी निघाली की झालं. ती कोरडीच निघाली. पण एकाच्या सांगण्यावर दुसऱ्याचा विश्वास बसेल तर ते आमचं घर कसलं! प्रत्येकाने स्वतःची टूथपिक आणली.

या भोकांवर इलाज आयसिंगचा. आयसिंग शुगरचं पाकीट उघडलं की अर्धी भांड्यात आणि अर्धी भुवयांवर बसते. चव घेतली, जरा जास्त गोड. म्हणून संत्र्याचा रस घातला. ते पातळ झालं. म्हणून साखर घातली. ते फार गोड झालं. म्हणून रस. रसाऐवजी सालीचा किस घालावा, म्हणजे आयसिंग पातळ न होता वास येतो, हे मला ठाऊक होतं. पण त्यासाठी पुन्हा त्या किसणीकडे जावं लागलं असतं. वाटी पुरेना म्हणून पातेलं आलं. घड्याळ पुढे सरकत होतं, कपकेक अजून कोमट होते आणि आयसिंगमधलं बटर तिशीच्या पुढच्या तापमानाला वितळायला लागतं. त्यामुळे मी काढलेली फुलं हळूहळू पसरून गोल, शांत डबकी झाली. मुलीने वर संत्र्याच्या फोडी ठेवल्या. त्याही घसरल्या.

पार्टीत एका छोट्या मुलाने पहिला कपकेक उचलला, वरचं आयसिंग शेवटच्या थेंबापर्यंत चाटून काढलं आणि केक गुपचूप ट्रेमध्ये परत ठेवला. हे फक्त मी पाहिलं. मी काही बोलणार तोच कागदी प्लेट्सवाले गृहस्थ आले, नेमका तोच उचलला आणि डोळे मिटून चावू लागले.

"वा! बिनआयसिंगचाही केलायस? अगदी बेताचा गोड आहे. बाकीचे फार गोड झालेत रे. हा वेगळा कसा केलास?"

मी म्हणालो, "रेसिपी पाठवतो."