दोऱ्याने कापलेलं चीज

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तिने वजन उतरवायचं मनावर घेतलंय, खायच्या-टाळायच्या गोष्टींची यादीही मिळाली आहे, आणि टाळायच्या यादीत सगळ्यात वर आहे चीज. "तू तर खातेस ना गं? तरी तुझं कसं उतरलं?" फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून इथे नीट लिहितेय. लांबलंय, पण मला हे मनापासून सांगायचंय.

हो, मी चीज खाते. आठवड्यातून तीनदा, एका वेळी 20 ते 25 ग्रॅम. जानेवारी 2023 मध्ये माझं वजन 81 किलो होतं, आज 70 आहे. खूप सावकाश उतरलं, मधे चार महिने काटा हललाच नाही. पण उतरलेलं परत चढलं नाही, आणि त्याचं एक कारण म्हणजे मी आवडीचा पदार्थ घराबाहेर काढला नाही, असं मला ठामपणे वाटतं.

सुरुवातीला काढला होता. मला मिळालेल्या यादीत साखर, मैदा, तळलेलं आणि चीज एकाच ओळीत होतं, समोर लाल पेनाने फुली. मी तीन आठवडे अक्षरशः पाळलं. चौथ्या आठवड्यात मुलाच्या वाढदिवसाला पिझ्झा मागवला. "एकच तुकडा" म्हणत बसले आणि पाच खाल्ले. पोट कधीच भरलं होतं, तरी हात थांबेना. रात्री झोप लागली नाही. त्या रात्री माझ्या लक्षात आलं की ते तीन आठवडे मी चीज खात नव्हते, पण दिवसभर विचार मात्र त्याचाच करत होते. पूर्वी कधी इतका केला नव्हता. दुसऱ्या दिवशी यादी बाजूला ठेवली आणि स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा वजनकाटा आणला.

त्या काट्याने मला जे शिकवलं ते कुठल्याच यादीने शिकवलं नव्हतं. आपल्याकडे मिळणारा चीजचा क्यूब 25 ग्रॅमचा असतो. त्यात साधारण 75 ते 80 कॅलरी, 5 ग्रॅम प्रथिनं आणि साडेसहा ग्रॅम फॅट. आता तेवढेच, म्हणजे 25 ग्रॅम शेंगदाणे घ्या. एक मूठ. त्यात 140 कॅलरी! उपासाच्या खिचडीत दाण्याचं कूट घालताना आपला हात कधी आखडतो का? मीही कधी आखडला नव्हता. दाणे वाईट आहेत असं मुळीच म्हणायचं नाही, त्यांतली फॅट चांगल्या प्रकारची असते आणि चोथाही असतो. पण एका क्यूबला गुन्हेगार ठरवायचं आणि दोन मुठी दाण्यांकडे बघायचंही नाही, हा हिशेब मला पटेना.

चीज जड का असतं तेही समजून घेण्यासारखं आहे. चेडरसारखं एक किलो चीज करायला सुमारे 10 लिटर दूध लागतं. विरजण आणि रेनेट (दूध घट्ट करणारं एंझाइम) घालून दूध फाडायचं, सायीसकट दही-चोथा धरून ठेवायचा, निवळी काढून टाकायची, दाबायचं, मुरवायचं. म्हणजे 25 ग्रॅमच्या तुकड्यात पाव लिटर दुधातली बहुतेक सगळी स्निग्धता आणि बरीचशी प्रथिनं येऊन बसतात. पाणी गेलं, दुधातली साखरही निवळीबरोबर गेली. पाव लिटर दूध पिताना पोटाला कळतं की आपण काहीतरी प्यायलो. तो तुकडा मात्र दोन घासांत संपतो. म्हणूनच मोजायचं. चेडरमध्ये 100 ग्रॅमला 400 कॅलरी असतात, आपल्या नेहमीच्या प्रोसेस्ड चीजमध्ये त्यात पाणी जास्त असल्यामुळे 300 च्या वर थोड्या. आणि पनीरला आपण हलकं समजतो ना? पूर्ण स्निग्ध दुधाचं पनीरसुद्धा 300 च्या जवळपास जातं. शिवाय पनीर कुणी 25 ग्रॅम खात नाही, हॉटेलातल्या एका वाडग्यात शंभर-दीडशे सहज असतं.

आता खरी गोष्ट. चीजने माझं वजन वाढवलं नव्हतं. चीज ज्या गोष्टींवर बसून यायचं, त्यांनी वाढवलं होतं. कोपऱ्यावरच्या गाडीवरचं चीज ग्रिल सँडविच घ्या. ब्रेडचे तीन स्लाइस, साधारण सव्वादोनशे कॅलरी. आतून-बाहेरून फासलेलं बटर, अगदी 20 ग्रॅम धरलं तरी 140 च्या पुढे. बटाटा. वरून दोन क्यूब किसलेलं चीज, दीडशे. सगळं मिळून साडेपाचशेच्या घरात, आणि त्यात चीजचा वाटा पाव हिश्श्याहून जरासाच जास्त. शिवाय एवढं चीज पोटात जाऊनही चव कुणाची लागते? हिरव्या चटणीची आणि बटरची. तेच डोशाचं, पावभाजीचं, मसाला पापडाचं. दहा वर्षांपूर्वी ज्यांवर चीज पडत नव्हतं, अशा सगळ्याच पदार्थांवर आता गाडीवर चीज पडतं. मी हे सगळं सोडलं आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही, कारण त्यात चीज मला कधी भेटतच नव्हतं. (हॉटेलात "चीज" म्हणून जे येतं ते कित्येकदा चीज अ‍ॅनालॉग असतं, म्हणजे दुधाच्या स्निग्धतेऐवजी वनस्पती तेल घालून केलेलं. कॅलरी तेवढ्याच, दुधाचं मोल नाही. पाकिटावर ते लिहिणं बंधनकारक आहे. ताटात आलेल्यावर कोण लिहिणार? विचारा. मी विचारते.)

लहानपणी आमच्या घरी अमूलचा चीजचा डबा यायचा, पत्र्याचा, गोल, 400 ग्रॅमचा. आम्ही मिरजेला राहायचो. 1984 साली घरात फ्रिज आला, त्यानंतर हा डबा आला. बाबा कामासाठी मुंबईला गेले की कधीतरी आणायचे. चावीने पत्रा कापून तो पिवळा गोळा सबंध बाहेर काढायचा मान आळीपाळीने आम्हा भावंडांचा. मग आई शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घ्यायची, स्वच्छ धुवायची, दोन्ही टोकं दोन हातांत ताणून धरायची आणि त्या गोळ्यातून सरळ खाली ओढायची. चकती सुटून यायची, आरशासारखी गुळगुळीत. एका रविवारी एवढंच. चकतीचे पाच भाग, घरात पाच माणसं. उरलेला गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये. असे चार रविवार. परवा मी कागदावर भागाकार केला: 400 ग्रॅम, चार रविवार, पाच जणं. माणशी 20 ग्रॅम! चाळीस वर्षांनी वजनकाटा घेऊन मी जिथे पोचले, तिथे आई एका दोऱ्याने पोचली होती.

तो तुकडा आम्ही कसा खायचो ते अजून आठवतं. कशाबरोबर नाही, कशात वितळवून नाही. नुसता. आधी कडेकडेने, मग मधला. धाकटा भाऊ तर दहा मिनिटं पुरवायचा. मी आता परत तसंच खाते. चार-साडेचारची भूक लागते तेव्हा तुकडा ताटलीत, बाजूला काकडी, नाहीतर पेरूच्या फोडी. पेरू आणि चीज एकदा खाऊन बघाच, पेरूचा वास आणि चीजचा खारटपणा फार सुरेख जमतो. खायच्या आधी अर्धा तास तुकडा बाहेर काढून ठेवते, फ्रिजमधून काढलेल्या गार चीजची निम्मी चव जिभेला कळतच नाही. ताटली घेऊन बसते, टीव्ही बंद. आणि त्यानंतर सात-साडेसातपर्यंत मला खरंच काही लागत नाही. पूर्वी त्याच वेळेला चहाबरोबर सहा-सात बिस्किटं जायची आणि साडेपाचला पुन्हा डबा उघडला जायचा.

कधी ज्वारीच्या गरम भाकरीवर ठेचा आणि त्यावर बारीक किसणीने किसलेलं 10 ग्रॅम चीज. किसणी बारीक हवी, मग 10 ग्रॅमसुद्धा भाकरीभर पसरतं. मुरलेलं, जुनं, झणझणीत चवीचं चीज मिळालं तर आणखी कमी पुरतं. फक्त शाकाहारी मंडळींनी पाकीट वाचावं: इटलीच्या अस्सल पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट वापरलेलं असतं. हिरवा ठिपका बघून घ्या.

ज्या दिवशी चीज, त्या दिवशी वरणभातावर तूप नाही. हा माझा नियम आहे आणि तो पाळणं मला जड जातं, हे कबूल करते. पण संपृक्त (सॅच्युरेटेड) फॅट, म्हणजे तूप-लोण्यासारखी थिजणारी स्निग्धता, दोन्हीकडे आहे. एका क्यूबमध्ये साधारण 4 ग्रॅम. दिवसाला दीड हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाने ती 16-17 ग्रॅमच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याचं गणित निघतं. म्हणजे पाव कोटा एका तुकड्यात संपला. उरलेल्या दिवसात दूध आहे, दही आहे, फोडणी आहे. चीज रोज नको म्हणते ते यासाठी.

मीठ हा याहून मोठा मुद्दा आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. प्रोसेस्ड चीजच्या एका क्यूबमध्ये 300 ते 350 मिलिग्रॅम सोडियम असतं. दिवसाची मर्यादा 2000. आपल्या ताटात लोणचं, पापड, चटणी आधीच बसलेली. माझ्या नवऱ्याला बीपी आहे, त्यामुळे तो आठवड्यातून एकदाच खातो आणि त्या दिवशी लोणच्याची बरणी टेबलावर येत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र माझं ऐकू नका, डॉक्टरांना विचारा.

एक विनंती, विशेषतः आयांना. आपलं डाएट मुलांच्या डब्यात घालू नका. वाढत्या वयाच्या मुलीसमोर "चीज खाल्लं, आता उद्या उपास" असं बोलू नका. मी बोलले आहे. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. तिने महिनाभर सँडविचमधला स्लाइस काढून डब्यातच ठेवून दिला आणि मला पत्ता नव्हता. अजूनही आठवलं की पोटात कालवतं. "आज पाप केलं", "आज चीटिंग" हे शब्द मी तेव्हापासून घरात वापरत नाही. पाव लिटर दुधापासून झालेला तुकडा खाण्यात पाप कुठून आलं?

आता दर रविवारी सकाळी मी 200 ग्रॅमचा अख्खा ठोकळा घेते आणि त्याचे आठ तुकडे करून डब्यात ठेवते. तीन माझे, एक नवऱ्याचा, बाकीचे मुलांचे. आधी सुरीने करायचे. मागच्या महिन्यात आई राहायला आली होती. तिने ओट्याशी उभं राहून दोन मिनिटं पाहिलं, मग शिवणाचा डबा कुठे आहे विचारलं. तिच्या हातांना आता कंप आहे, म्हणून एक टोक तिने धरलं, एक मी. आठही तुकडे एकसारखे निघाले. काट्यावर ठेवले, 24, 25, 25, 26. मी विचारलं, आई, तेव्हा दोराच का गं वापरायचीस? म्हणाली, "सुरीला चिकटायचं. तेवढंही वाया घालवायचं नव्हतं."