झडत्या लिहून द्यायच्या म्हणे!

परवा पोळा. आज पारावर बैठक झाली आणि ठरलं की औंदा ज्याला झडती, म्हणजे पोळ्यात बैलांच्या तोरणाखाली म्हणतात ते टोमण्याचं गाणं, म्हणायची आहे त्यानं ती आधी लिहून द्यावी. कोणाचं मन दुखायला नको म्हणे. काऊन? तर मागच्या वर्षी एका पोट्ट्यानं पीक विम्यावर झडती म्हटली, व्हिडिओ फिरला आणि एका पुढाऱ्याला झोंबली. तेव्हा तोरणाखाली पोट धरून हसणारेच आज माना डोलवत होते. डोकं फिरलं माझं.

आमचा आजा पाटलासमोर झडती म्हणायचा. पाटील मानाची जोडी घेऊन पुढं उभा आणि मागून आजा:

मोट रे मोट, चामड्याची मोट
सायबाच्या खिशात शंभराची नोट
दुष्काळाच्या यादीवर पाटलाचं बोट
आमच्या घरी रिकामं पोट
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

पाटलाची पंचाईत. हसावं तरी मेला, न हसावं तरी मेला. आणि संध्याकाळी आजा त्याच पाटलाच्या दारात बैल घेऊन बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, मागायला. पाटील द्यायचाही.

रात्रीच्या लाईटवर हरभऱ्याला पाणी देताना मी जॉर्ज कार्लिन या अमेरिकन कॉमेडियनचा 'क्लास क्लाऊन' ऐकतो. पुतण्यानं मोबाईलमध्ये टाकून दिला. सगळं इंग्रजी कळते असं नाही, पब्लिकचं हसू मात्र बांधावर बसून बरोबर कळते. २७ मे १९७२ ला सांता मोनिकात लोकांपुढं रेकॉर्ड केलेला अल्बम. शेवटी टीव्हीवर कधीच बोलता येणार नाहीत असे सात शब्द तो धडाधड म्हणतो. जुलैत मिलवॉकीला तेच बोलला तर पोलिसांनी उचलला. डिसेंबरात न्यायाधीशानं खटला काढून टाकला. पुढच्या अल्बममधला तसाच तुकडा १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रेडिओनं लावला, एका बापाची तक्रार गेली. एका! तेवढ्यावर प्रकरण सुप्रीम कोर्टात, आणि १९७८ ला पाच विरुद्ध चार मतांनी रेडिओ हरला.

तोंड घाण आहे त्याचं, मायसमोर लावता येत नाही, कबूल. पण शिव्यांनी कोणत्या पोलिसाला घाम फुटला आहे, बाप्पा? घाम फुटतो हसणारी गर्दी पाहून. पाटलालाही आज्याची भीती नव्हती, मागं हसणाऱ्या गावाची होती.

अन् आपल्या झडतीत तर महादेवच दोन पैशासाठी रडतो, पार्वतीच्या लुगड्याला छप्पन गाठी असतात. देवाला चालते, पुढाऱ्याला चालत नाही! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांसोबत पुढाऱ्यांवर टोमणे मारणारे बडगे, म्हणजे मोठाले बाहुले, निघतात, ते पाहायला हेच लोक जातात. २०२५ च्या मार्चमध्ये कॉमेडियन कुणाल कामराच्या गाण्यावरून मुंबईत खारचा स्टुडिओ फोडला, तेव्हा यातलेच दोघं व्हॉट्सॲपवर स्वातंत्र्याच्या गोष्टी करत होते.

तो पोट्टा आज मागं उभा होता, चूप. बापानं दम दिला असेल. बापालाही काय म्हणावं? सोसायटीचं कर्ज, बियाण्याची उधारी, पुढाऱ्याशी वाकडं घेऊन जाईल कुठं बिचारा.

पण आज्यावरही कर्ज होतंच ना. पाटलाचंच होतं.

मी देतो लिहून. आज्याचीच झडती देतो. पाटील वारला, सायबही गेला. आता ती कोणाला झोंबते ते पाहू. पोट्टेहो, परवा मोबाईल चार्ज करून या.