तूरडाळ आईच्या पोटात, गॅस बाळाच्या?

गेल्या महिन्यात डिचोलीला भाचीकडे गेले होते. बाळ सात आठवड्यांचं. दुपारी तिचं ताट वाढलं गेलं: उकड्या तांदळाची पेज, वर चमचाभर तूप, कडेला मीठ आणि बिनफोडणीची दुध्याची भाजी. डाळ कुठे आहे, असं विचारलं तर म्हणाली, "मावशी, बाळाला गॅस होतो." मासे? "ते तर तीन महिने नाहीतच." आणि फोन पुढे केला.

तोच मेसेज मलाही चार जणींनी पाठवला होता. थोडक्यात असा: आई जे खाते ते तासाभरात दुधात उतरतं, म्हणून तूरडाळ, चणे, कोबी, बटाटा बंद. सोलं, दही, लिंबू बंद, कारण दूध फाटतं. मासे, अंडी, शेंगदाणे बंद, नाहीतर बाळाला ॲलर्जी होते. एवढं करूनही बाळ रडत असेल, हिरवी शी करत असेल, तर आईच्या दुधाचीच ॲलर्जी समजावी आणि लॅक्टोज नसलेली पावडर सुरू करावी. खाली जोडलेले हात आणि 'प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा'.

मी आहारतज्ज्ञ आहे, फोंड्याला काम करते. त्यामुळे हा मेसेज पोहोचलेल्या आया मला रोज भेटतात.

डाळीपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घरांतून तीच हद्दपार होते. दूध पोटातून येत नाही. स्तनातल्या पेशी ते रक्तातून घेतलेल्या घटकांपासून तयार करतात. डाळीतला जो भाग पचत नाही तो आईच्या मोठ्या आतड्यात पोहोचतो, तिथले जिवाणू तो आंबवतात आणि गॅस होतो. तो भाग रक्तात शिरतच नाही. गॅस थोडाफार शिरलाच, तर श्वासावाटे बाहेर पडतो. त्याचे बुडबुडे दुधातून बाळाच्या पोटात जायला वाटच नाही. डाळ खाऊन आईचं पोट गुबारलं असेल तर तिने ती कमी खावी, पण स्वतःसाठी.

'खाल्लेलं दुधात उतरतं' हे मात्र साफ खोटं नाही, आणि म्हणूनच हा मेसेज खरा वाटतो. वास आणि चव उतरते. १९९१ मध्ये अमेरिकेत मेनेला आणि बोचँप या संशोधकांनी आयांना लसणाच्या कॅप्सूल दिल्या. दुधाला लसणाचा वास आला आणि बाळं दूध टाकायच्या ऐवजी उलट जास्त वेळ अंगाला लागून राहिली. चहा-कॉफीतलं कॅफीन उतरतं, प्रथिनांचे अगदी सूक्ष्म अंश उतरतात. कोबी-कांद्याच्या विरोधात एकच कागद बऱ्यापैकी मिरवला जातो, १९९६ चा. त्यात आयांना पत्राने प्रश्नावली पाठवून आठवड्याभरात काय खाल्लं आणि बाळ किती रडलं ते आठवून लिहायला सांगितलं होतं. रडक्या बाळाच्या आईला कोबी जरा जास्तच आठवणार.

मग डाळ सोडल्यावर बाळं शांत होतात ती कशी? होतात, खरंच होतात. बोस्टनच्या डॉ. ब्रेझल्टननी १९६२ मध्ये ८० निरोगी बाळांच्या रडण्याची नोंद छापली. दोन आठवड्यांच्या बाळाचं रोजचं रडणं पावणेदोन तासांच्या आसपास होतं, सहा आठवड्यांना ते पावणेतीन तासांवर गेलं आणि तिथून पुढे उतरत गेलं. बहुतेक रडणं संध्याकाळचं. तीन-चार महिन्यांत ते आपोआप निवळतं. आता बघा, आई पथ्य कधी सुरू करते? रडणं टिपेला पोचल्यावर, म्हणजे सहाव्या-सातव्या आठवड्यात. त्यानंतर रडणं उतरणारच होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, आणि श्रेय कावळ्याला जातं.

सोलं-दह्याचं दोन ओळींत आटपते. आईने सोलकढी प्यायली म्हणून तिचं रक्त आंबट होत नाही, मग दूध कसं होईल? बाळ दह्यासारखी गुठळी ओकतं ती त्याच्याच पोटातल्या आम्लामुळे. दूध पोटात गेलं की ते विरजल्यासारखं होतं, आणि तसंच व्हायला हवं.

माशांवर मात्र गोव्यात बसून घाईने बोलता येणार नाही. भाचीच्या सासूबाई पेडण्याच्या. त्या स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "आमच्या वेळी बारसं झालं की मुडदुशांचं हुमण असायचं. आता फोनवर आलंय म्हटल्यावर मी काय बोलणार?" म्हणजे हे पथ्य परंपरेचंसुद्धा नाही. कुणा दुसऱ्याच मुलखातली यादी फिरत फिरत आपल्या चुलीपर्यंत आली आहे. एका घरी मेथी दुधाला चांगली, दुसऱ्या घरी तीच उष्ण. बाळं मात्र दोन्ही घरी सारखीच रडतात.

बांगडे-तारले बंद केले की आई काय गमावते? दुधातलं डीएचए नावाचं मेद, जे बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागतं, ते आईच्या आहाराप्रमाणे कमी-जास्त होतं. आयोडीन आणि बी-१२ यांचंही तसंच. मासे, अंडी आणि दूध तिन्ही सोडून महिनोन्‌महिने राहिलेल्या आईच्या दुधात बी-१२ कमी पडू शकतं, आणि बाळाला त्याची झळ बसते. त्यात पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोजच्यापेक्षा सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. पेज-तुपावर त्या कुठून येणार? भाची जिना उतरताना कठडा घट्ट धरत होती. तिला वाटत होतं, बाळंतपणानंतर असंच असतं.

एका माशाबद्दल मी स्वतःच हात आखडते: मोरी, म्हणजे शार्क. मोठ्या शिकारी माशांत पारा साठत जातो, म्हणून पाजणाऱ्या आईने शार्कच्या जातीचे मासे टाळावेत असं सांगितलं जातं. गंमत म्हणजे आपल्या किनाऱ्यावर मोरी दूध वाढवते म्हणून मुद्दाम खाऊ घालतात. एका छोट्या जातीला इंग्रजीत 'मिल्क शार्क' म्हणतात, तेही भारतातल्या याच समजुतीवरून. बांगडा, तारला, मुडदुशी मजेत खावी.

अंडी-शेंगदाण्याच्या बंदीला एक इतिहास आहे. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच, घराण्यात ॲलर्जी असलेल्या बाळांच्या आयांनी पाजताना शेंगदाणे टाळावेत असं सांगितलं होतं. पुरावा सापडेना, म्हणून २००८ मध्ये त्यांनी तो सल्ला मागे घेतला. त्यांनी मागे घेतलेला सल्ला आपल्या ग्रुपवर अजून पुढे सरकतो आहे.

आता ॲलर्जी. ती असते, आणि हे मला ठासून सांगायचं आहे, कारण या याद्यांच्या गर्दीत खरं बाळ हरवतं. गाईच्या दुधातलं प्रथिन आईच्या दुधात अतिसूक्ष्म प्रमाणात येतं आणि काही थोड्या बाळांना ते चालत नाही. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांत डेन्मार्कच्या एका अभ्यासात हे प्रमाण ०.५ टक्के निघालं, म्हणजे दोनशेत एक. लक्षण नुसतं रडणं नव्हे. शीत रक्ताच्या रेषा किंवा शेंबडासारखा चिकटा, अंगभर न हटणारा इसब, सारख्या उलट्या, वजन न वाढणं. असं काही दिसलं तर फोन बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं. हिरवी शी एवढ्यात मोडत नाही. दोन्ही बाजूंना थोडं थोडं पाजून बाळ लवकर काढलं तरी हिरवी, फेसाळ शी होऊ शकते.

आमच्या ओळखीतल्या एकीच्या बाळाला खरोखर ती होती. डॉक्टरांनी तिला एकच गोष्ट बंद करायला सांगितली: गाईम्हशीचं दूध आणि त्याचं सगळं काही, अगदी तूप आणि बेकरीची बिस्किटंसुद्धा. तीन आठवड्यांत रेषा थांबल्या. मग डॉक्टरांनी मुद्दाम तिला पुन्हा दूध प्यायला लावलं आणि रेषा परत आल्या. तेव्हा कुठे निदान पक्कं झालं. ही परत सुरू करून बघायची पायरी कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसते. डझनभर पदार्थ एका दिवशी सोडले तर त्यातला नेमका कोणता होता हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. ती बाई मात्र तूरडाळ रोज खात होती. गोव्यात दुधाशिवाय जेवण अवघडही नाही, आमटी-हुमणाला नारळाचा रस असतोच. कॅल्शियमसाठी डॉक्टरांच्या गोळ्या होत्या, जोडीला काट्यासकट तारले आणि नाचण्याचं तिझन, म्हणजे खीर.

मेसेजमधली पावडर सगळ्यात वाईट. लॅक्टोज ही दुधातली साखर आहे. आईच्या दुधात ती दर १०० मिलिलिटरला सुमारे ७ ग्रॅम असते, आई काहीही खावो. ॲलर्जी साखरेची नसते, प्रथिनाची असते. आणि लॅक्टोज नसलेल्या नेहमीच्या पावडरीत गाईच्या दुधाचं प्रथिन जसंच्या तसं असतं. म्हणजे त्या दोनशेतल्या एका बाळाला, ज्याला ते नकोच आहे, तेच बाटलीने भरपूर पाजायचं. बाळाच्या दूधपावडरीची जाहिरात आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंद आहे, पण हात जोडलेल्या फॉरवर्डला जाहिरात कोण म्हणणार?

एवढ्या यादीत एक गोष्ट कुठेच नव्हती. अंग शेकायला म्हणून बाळंतिणीला रात्री चमचा-दोन चमचे ब्रँडी द्यायची पद्धत आपल्याकडे अजून काही घरांत आहे. अल्कोहोल रक्तात जेवढं, जवळपास तेवढंच दुधात उतरतं. डाळ बंद, ब्रँडी चालू.

भाचीने दुसऱ्या दिवशी वरण-भात खाल्ला, त्याच्या पुढच्या दिवशी सासूबाईंनी बांगड्याची उडीदमेथी केली. बाळ दोन्ही दिवशी संध्याकाळी रडलं, साडेसहा ते आठ, जसं पेजेच्या दिवशी रडलं होतं. तिने मला फोन केला तेव्हा ते मागे ऐकूही येत होतं. "रडतंय गं," ती म्हणाली, "पण मला आज चक्कर नाही आली."