नंबर सांगा, काका

मागच्या महिन्यात जळगावात दोन बनियन घेतले. काउंटरवरची पोरगी म्हणे, "नंबर सांगा काका." मी म्हटलं पंच्याण्णव. ती म्हणे, बनियनचा नाही हो, मोबाईलचा.

आता दोन बनियनसाठी मोबाईल नंबर कशाला, बनियन काय मला फोन करून विचारणार आहे का, की धुतलं का नाही? मी रोज पेपर वाचणारा माणूस, तिथल्या तिथे सुनावलं की केंद्राच्या ग्राहक खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगून ठेवलंय, नंबरसाठी गिऱ्हाइकाला अडवू नका म्हणून. पोरगी बिचारी पगारी माणूस. म्हणाली, "काका, नंबर टाकल्याशिवाय कम्प्युटर पुढेच सरकत नाही." मागे लाईन, बाहेर ४४ डिग्री, मग मीपण डोकं चालवलं आणि दहा वेळा नऊ सांगितले. तिने टाकले आणि एकदम हसून म्हणते, "तुम्ही तर जुने कस्टमर आहात, सहा हजार पॉइंट जमलेत, वापरायचे का?"

म्हणजे माझ्याआधी कितीतरी शहाणे इथून बनियन घेऊन गेलेले. पॉइंट वापरायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू, पण शेवटी लाजेने खरा नंबर दिला, तोही ओरडून, कारण तिला फॅनच्या आवाजात ऐकू येईना. संध्याकाळपर्यंत मला पर्सनल लोन, प्लॉट आणि गुडघेदुखीचं तेल, तिघांचे फोन येऊन गेले. बनियनवाल्यांनीच नंबर वाटला असं मी म्हणत नाही, लाईनीतल्या वीस जणांनी पण ऐकलाच होता.

पण हे परकं संकट. खरं संकट घरात होतं आणि ते पुतण्याने बसवून दिलेलं.

त्याचं झालं असं की बायकोसाठी नवा फोन घेतला, पुतण्या सेटिंग करायला बसला, नवीन ईमेल बनवायला ओटीपी येईना, तर या दिवट्याने माझाच आयडी तिच्या फोनमध्ये टाकून दिला. म्हणे काका, टेन्शन नका घेऊ, एकच तर घर आहे. घर एक आहे रे बाबा, पण डॉक्टरने कोलेस्टेरॉलमुळे तेल, शेव, तर्री बंद केलीय ती फक्त माझी!

आणि पाळधीच्या पुढे हायवेला एक ढाबा आहे. नाव सांगत नाही, कारण मला तिथे परत जायचंय. शेवभाजी म्हणजे काय हे खान्देशातल्या माणसाला सांगायची गरज नाही, पण पुण्याकडचे वाचत असतील तर सांगतो, ती फरसाणातली बारीक शेव नव्हे. जाड, तिखट शेव, भाजलेला कांदा-खोबरं आणि काळ्या मसाल्याचा रस्सा, त्यावर बोटभर तर्री, आणि शेव पडते ती अगदी वाढताना, नाहीतर लगदा होतो. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. मी घरी सांगितलं पद्मालयाला दर्शनाला जातोय. रस्ता तोच आहे, आणि तिथे एकाच देवळात दोन गणपती आहेत, एक तरी सांभाळून घेईल असा हिशोब.

पहिल्यांदा चूक माझीच. ताट आलं, तर्री अशी चमकत होती की राहवलं नाही, फोटो काढला. घरी पोचलो तर बायको म्हणे, "गणपतीला आजकाल शेवभाजीचा नैवेद्य असतो का?" फोटो माझ्याआधी तिच्या फोनमध्ये पोचलेला. एक आयडी म्हटल्यावर सगळे फोटो दोघांकडे. मी काय शोधलं ते तिला दिसतं, तिने काय शोधलं ते मला. त्या रात्री मी 'कोलेस्टेरॉल' टाईप करायला क टाकला तर खाली जुनं शोधलेलं वर आलं, "कसं ओळखावं नवरा खोटं बोलतोय". क पासून कांदा आठवावा, काकडी आठवावी, हे आठवलं.

दुसऱ्या वेळी फोटो काढलाच नाही. फोन सायलेंट करून खिशात. पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि खिशातून जो भोंगा सुरू झाला! फोन हरवला तर शोधायची ती सोय असते ना, पुतण्याने ती काकूला शिकवून ठेवलेली. फोन सायलेंट असला तरी फुल आवाजात वाजतो, पाच मिनिटं, आणि नकाशावर कुठे आहे तेपण दिसतं. पाच मिनिटं म्हणजे किती मोठी असतात ते मला त्या दिवशी कळलं. हात तर्रीने माखलेला, अंगठा लावतो तर फोन ओळखत नाही, डाव्या हाताने पॅटर्न काढतो तर चुकतो. ट्रकवाले खाटेवरून उठून बघायला लागले. ढाब्याचा मालक धावत आला, "काय व्हयनं बापू? गॅसना अलार्म शे का?"

घरी आल्यावर मी कायदा काढला. म्हटलं, २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलंय, प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. २०२३ ला डेटा संरक्षणाचा कायदा आला, अडीचशे कोटीपर्यंत दंड आहे, समजलं? ती लसूण सोलत होती, सोलत राहिली. पुतण्याने मोबाईलवर तोच कायदा उघडला आणि वाचून दाखवलं की वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी कोणी माणसाने माहिती वापरली तर हा कायदा लागूच होत नाही. दिल्लीत बसून एवढा अडीचशे कोटीचा कायदा लिहिला आणि त्यात बायकोला तेवढी सूट!

मग मागच्या रविवारी सरळ फोन घरीच ठेवला, फ्रिजवर, चार्जिंगला. खिशात नोटा घेतल्या, स्कॅनबिन काही नाही. स्कूटर काढली, सावकाश जेवलो, शेवटची तर्री भाकरीने पुसून घेतली, असं निवांत जेवण कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. काउंटरला मालकाचा पोरगा बसलेला, नवीन कम्प्युटर घेतलेला त्यांनी. पैसे घेतले, स्क्रीनकडे बघतच म्हणाला, "नंबर सांगा काका." आणि सवय म्हणजे अशी वाईट, तोंडातून दहाच्या दहा आकडे बरोबर, न अडखळता बाहेर पडले.

घरी आलो तर फ्रिजवर फोन नव्हता. तो बायकोच्या हातात होता आणि ती चष्मा लावून बिल वाचत होती.

"भाकरी दोन ठीक आहे," ती म्हणाली, "पण शेवभाजी फुल? हाफ नव्हती का तिथे?"