पुडी घेऊनही हाडं ठिसूळ का? तलावपाळीच्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

प्रतिक्रिया तिखट आहे, पण प्रश्न रास्त आहे. तुमच्या आईंनी ड जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटच्या पुड्यांचा कोर्स पूर्ण केला, रक्तात ड जीवनसत्त्व 41, म्हणजे पुरेसं भरलं, तरी हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार निघाला. म्हणून तुम्ही लिहिलंत, ‘हे सगळं थोतांड आहे, आणि ठाण्यात ऊन काय कमी आहे?’

थोतांड नाही हो. ड जीवनसत्त्व हाड बांधतं असं आपण धरून चालतो, तिथे गडबड होते. त्याचा मुख्य कारभार आतड्यात चालतो. यकृत आणि मग मूत्रपिंड त्याला कामाच्या रूपात आणतात, आणि ते रूप अन्नातलं कॅल्शियम रक्तात ओढून घेतं. ड नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी जेमतेम 10 ते 15 टक्के अंगी लागतं; पुरेसं असेल तर 30 ते 40 टक्के. यावरचा एक प्रयोग मला फार आवडतो. ज्या उंदरांच्या शरीरात ड जीवनसत्त्वाचा रिसेप्टरच (ज्याला चिकटून ते काम करतं तो पेशीतला रेणू) नव्हता, त्यांना भरपूर कॅल्शियम, फॉस्फरस आणि लॅक्टोज असलेला आहार दिला, तर त्यांची हाडं जवळजवळ नीट घडली!

आता ताटात कॅल्शियमच नसेल तर पुडी ओढणार काय? रक्तातली पातळी घसरू लागली की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच नावाचं संप्रेरक सोडतात आणि शरीर हाडातून कॅल्शियमची उचल घेतं. हृदय आणि स्नायू चालू राहायला हवेत, हाडाचं नंतर बघू, असा त्याचा हिशेब.

आईंचं दुखणं मात्र आणखी वेगळं आहे. ड जीवनसत्त्व फार कमी पडलं की मोठ्या माणसांत ऑस्टिओमलेशिया, म्हणजे हाडं मऊ पडण्याचा आजार होतो. घोडबंदरच्या अर्धवट टॉवरसारखं, सळया बांधल्यात पण काँक्रीट पडलेलं नाही. तिथे पुडी उत्तम काम करते. ऑस्टिओपोरोसिसमध्ये असलेल्या हाडात खनिज ठीक असतं, हाडच कमी उरलेलं असतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि हाड झिजण्याचा वेग बांधणीच्या पुढे जातो. त्याची औषधं निराळी. अमेरिकेतल्या व्हायटल अभ्यासात 25 हजारांहून जास्त लोक होते. रोज 2000 युनिट ड जीवनसत्त्व घेऊनही फ्रॅक्चर कमी झाले नाहीत, हे 2022 मध्ये प्रसिद्ध झालं. इथपर्यंत तुमचं म्हणणं खरं. पण ती माणसं कमतरता बघून निवडलेली नव्हती.

आणि कृपा करून आणखी पुड्या मनाने सुरू करू नका. ऑस्ट्रेलियात वयस्क बायकांना वर्षातून एकदा ड जीवनसत्त्वाचे 5 लाख युनिट दिले, तर पडणं आणि फ्रॅक्चर दोन्ही वाढले.

उन्हाचं म्हणाल, तर तुम्ही पहाटे सहाला तलावपाळीला फेऱ्या मारता, तेही फुल बाह्यांचं जॅकेट घालून. व्यायाम झकास, पण त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे यूव्हीबी किरण त्या कोवळ्या उन्हात जवळजवळ नसतात. गॅलरीच्या काचेतून तर ते आत येतच नाहीत. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते ते ऊन कामाचं.

आईंच्या वयाला रोज 1200 मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिळतं. त्या दिवसभरात दूध, दही, नाचणी किती घेतात? आणि पीटीएचची तपासणी झालीय का? हाडांच्या डॉक्टरांकडे जाताना तो रिपोर्ट सोबत असू द्या.