ओट्याची धूळ आणि मस्टरवर नसलेली नावं

गेल्या आठवड्यात साइटवर नवव्या मजल्यावर गेलो, तर एका फ्लॅटचं दार आतून बंद. धूळ लॉबीत जाऊ नये म्हणून. आत कटिहारकडचा एक पोरगा, विशी-बाविशीचा, ग्रॅनाइटच्या ओट्यात सिंकचं भोक कापत होता. हातात ग्राइंडर, तोंडाला गमछा. भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या पांढऱ्याफटक. मशीन थांबलं तरी खिडकीतल्या उन्हात धूळ तरंगतच होती. पाणी का नाही मारत, विचारलं. म्हणाला, "पानी मारेंगे तो निशान मिट जाता है साब. और करंट का भी डर."

दोन्ही कारणं खरी आहेत. तिसरं त्याने सांगितलं नाही: नव्या टाइल्सवर चिखल झाला की ठेकेदार पैसे कापतो.

मी पुण्यात बारा वर्षं साइट इंजिनिअर आहे. हे मी शेकडो वेळा बघितलंय आणि बराच काळ त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करतो. भुवयांवर बसते ती धूळ धुतली की जाते. गमछ्याच्या विणीतून आत जाते ती सिलिकाची, म्हणजे दगडातल्या एका खनिजाची, बारीक धूळ फुफ्फुसातच राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने तिला १९९७ सालीच पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. ॲस्बेस्टॉस, डिझेलचा धूर, वेल्डिंगचा धूर, सगळे त्याच गटात. आमच्या साइटवर यातलं काय नसतं? आता क्वार्ट्झच्या, म्हणजे दगडाचा चुरा आणि राळ मिसळून कारखान्यात बनवलेल्या ओट्यांची फॅशन आलीय. ग्रॅनाइटमध्ये सिलिका साधारण ३० टक्के, या बनवलेल्या स्लॅबमध्ये ९० टक्क्यांच्याही वर असू शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली.

हे लिहायला बसलो ते एका फोनमुळे. माझ्या पहिल्या साइटवरचा एक ग्रॅनाइट फिटर, गोंडा जिल्ह्यातला. गावी परत गेला, खोकला जाईना. दोनदा टीबीचा कोर्स झाला. मग फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. "बीड़ी पीते हो?" एवढंच त्याला विचारलं गेलं. काम काय करायचास, हे कुणीच नाही. त्याच्या मुलाला एक कागद हवा होता, बाप इतकी वर्षं दगड कापायचा असा. मी त्या वेळच्या कंपनीत विचारलं. मस्टरवर नावच नाही. तो ठेकेदाराच्या ठेकेदाराचा माणूस. लेटरहेडवर लिहून द्यायला त्यांनी साफ नकार दिला. मी साध्या कागदावर सही करून पाठवलं. त्याला किती किंमत असणार, मला माहीत आहे.

असा धुळीचा आजार वीस-तीस वर्षांनी वर येतो, हे न्यायालयाला कळलेलं आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांना सांगितलं, कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर जपा. पण त्यासाठी आधी कारखाना हवा, गेट हवं, मस्टर हवं. सहा महिन्यांनी साइट बदलणाऱ्या माणसाचं काय? गोध्र्याच्या क्वार्ट्झ कारखान्यांत काम करून मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर, झाबुआ, धारचे आदिवासी गावी येऊन मेले. सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) पीडित संघाच्या लोकांनी गावोगाव फिरून याद्या केल्या, तेव्हा कुठे २३८ मृतांच्या घरच्यांना तीन-तीन लाख द्या असा आदेश २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारला दिला. नावं लिहायचं ते काम ठेकेदाराने पहिल्याच दिवशी वहीत करायला हवं होतं.

माझ्या साइटवर आता मोठं कटिंग खाली, पाण्याच्या मशीनवर होतं, ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावून. वर फक्त किरकोळ. आणि प्रत्येक कटरचं नाव, गाव, तारीख मी वहीत लिहितो. ठेकेदार कुरकुरतो.

तुमच्या घरी ओटा बसवताय? दुकानदाराला सांगा, सिंकचं आणि शेगडीचं भोक तिकडेच पाणी मारून कापून आणा. घरी कुणी कोरडं कापायला लागला तर थांबवा, चिखल झाला तर होऊ द्या. आणि बिलाच्या मागे त्या कापणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून, सही करून, त्या बिलाचा फोटो त्या कापणाऱ्याच्याच मोबाइलवर पाठवा.